रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि श्रावकाचा रसपरित्याग

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या गृहस्थाच्या घरी समाचाराला येणाऱ्या आप्तेष्टांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. मद्यमांसाला ज्यांनी आयुष्यात स्पर्श केला नाही, कंदमुळे वर्ज्य केली, सूर्यास्तानंतर पाणीही घेतले नाही, त्यांच्याच वाट्याला हे दुखणे का यावे? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात सहानुभूती असते, पण त्याबरोबर एक गृहीतही दडलेले असते. शाकाहार हे हृदयरोगाविरुद्धचे अभेद्य कवच आहे, असे ते गृहीत होय.

शाकाहाराचा लाभ खरा आहे, यात शंका नाही. परंतु ताटातून काय वर्ज्य केले यावर शरीराचा हिशेब संपत नाही. ताटात काय उरले, हेही शरीर पाहते. शेव, पापड, जिलेबी, वनस्पती तुपातील मिठाई आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातील भजी हे सर्व पदार्थ शाकाहारीच आहेत. तंबाखूसुद्धा वनस्पतीच आहे.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासाने दाखवून दिले, की पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा जवळजवळ नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित असतो. रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मानसिक ताण, फळे व भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय या त्या नऊ गोष्टी. श्रद्धावान जैन कुटुंबात यांतील मद्यपान सहसा नसते, धूम्रपानही कमी आढळते. उरलेल्या सात गोष्टी मात्र कोणत्याही पेढीवर, कोणत्याही स्वयंपाकघरात सुखेनैव नांदू शकतात. याच अभ्यासातील माहितीवरून असेही आढळले, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. अन्य देशांत तो जवळपास ५९व्या वर्षी येतो. म्हणजे घरचा कर्ता माणूस, मुलांची शिक्षणे व लग्ने अजून उरकायची असतानाच, पाच-सहा वर्षे आधी या संकटाच्या दारात उभा राहतो.

हे संकट एका दिवसात येत नाही. ते जेथे सुरू होते, ती जागा डोळ्यांना न दिसणारी आहे.

एका पेशीच्या जाडीचा पहारा

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असते. वैद्यकात त्याला एंडोथेलियम म्हणतात. मराठीत अंतःस्तर म्हणता येईल. या अस्तराची जाडी केवळ एका पेशीएवढी असते. फरशा बसवाव्यात तशा चपट्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, आणि त्यांच्यावर, रक्ताच्या बाजूला, साखर व प्रथिने यांच्या संयोगाने बनलेला एक बुळबुळीत मऊ लेप असतो. हृदयाच्या कप्प्यांपासून पायाच्या अंगठ्यातील सूक्ष्म केशवाहिनीपर्यंत हे अस्तर अखंड पसरलेले असते. एका प्रौढ माणसाच्या शरीरातील असे सर्व अस्तर एकत्र केले, तर त्याचे वजन सुमारे एक किलो भरेल असा अंदाज केला जातो.

दीर्घकाळ या अस्तराकडे नळाच्या आतील निर्जीव मुलाम्यासारखे पाहिले गेले. ही समजूत बदलली ती १९८० साली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे रॉबर्ट फर्चगॉट हे शास्त्रज्ञ सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य घातले की पट्टी आकुंचन पावते, असा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. एकदा साहाय्यकाच्या हातून प्रयोगाचा क्रम चुकला, आणि त्याच वर्गातील एका द्रव्याने रक्तवाहिनी आकुंचन पावण्याऐवजी सैल पडली. चूक म्हणून ते निरीक्षण सोडून न देता फर्चगॉट यांनी त्याचा माग काढला. पूर्वीच्या पट्ट्या तयार करताना त्यांची आतली बाजू नकळत घासली जाई आणि अस्तर निघून जाई, हे त्यांच्या ध्यानात आले. अस्तर शाबूत असेल तर वाहिनी सैलावते, खरवडले गेले असेल तर आवळते. अस्तरातून काहीतरी संदेश आतील स्नायूंकडे जातो, हे यावरून सिद्ध झाले.

तो संदेश नेणारे द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, हे पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. या संशोधनाबद्दल १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यात एक योगायोगही आहे. ज्या नायट्रोग्लिसरीनपासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवले, तेच औषध म्हणून घेण्याचा सल्ला त्यांना आयुष्याच्या अखेरीस हृदयाच्या दुखण्यासाठी मिळाला होता. छातीत दुखू लागताच जिभेखाली ठेवली जाणारी, अनेक घरांत परिचित असलेली छोटी गोळी याच मार्गाने काम करते. निरोगी अस्तर जे द्रव्य स्वतः तयार करते, तेच ती गोळी बाहेरून पुरवते.

नायट्रिक ऑक्साइडमुळे वाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते, रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशी भिंतीला बिलगत नाहीत आणि भिंतीतील स्नायूंची फाजील वाढ रोखली जाते. रक्तदाब, रक्ताची गुठळी आणि भिंतीची सूज या तिन्हींवर नियंत्रण ठेवणारा हा पहारेकरी आहे.

पहारा ढिला पडतो तेव्हा

वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर, तंबाखूचा धूर आणि एलडीएल कोलेस्टेरॉलचे आधिक्य यांचा मारा या अस्तरावर सतत होत राहिला, की त्यावरील लेप झिजतो आणि नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती मंदावते. ढिल्या पडलेल्या अस्तरातून एलडीएलचे कण भिंतीत शिरतात आणि तेथे अडकून खराब होतात. त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी आत येतात. मेद गिळून त्या फुगतात आणि तेथेच मरतात. अशा रीतीने भिंतीत मेदाचा साठा तयार होतो. ज्या ठिकाणी वाहिनीला फाटा फुटतो किंवा वळण असते, तेथे रक्ताचा प्रवाह संथ व घोटाळलेला असतो. म्हणून हे साठे प्रथम तेथे आढळतात. एखाद्या दिवशी साठ्यावरचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, आणि काही मिनिटांत हृदयाच्या स्नायूचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

झटका त्या दिवशी आलेला दिसतो. त्याची पूर्वतयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते. १९९२ साली लंडनमधील संशोधकांनी दंडातील रोहिणी अल्ट्रासाउंडने पाहून अस्तराचे आरोग्य मोजण्याची पद्धत वापरली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या तरुणांत आणि अतिकोलेस्टेरॉलचा आनुवंशिक विकार असलेल्या लहान मुलांतही अस्तराचे काम मंदावलेले आढळले. त्या मुलांना व तरुणांना कोणताही त्रास जाणवत नव्हता.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली की 'आता सर्व नळ्या मोकळ्या झाल्या' असे समाधान कुटुंबात व्यक्त होते. स्टेंट हा दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तो प्राण वाचवतो, अडलेली जागा खुली करतो. परंतु उरलेल्या संपूर्ण शरीरातील अस्तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी जसे होते तसेच दुसऱ्या दिवशीही असते. त्याची निगा शस्त्रवैद्य राखू शकत नाही. ती घरातच राखावी लागते. सुदैव असे, की हे अस्तर जिवंत आहे आणि मारा थांबला तर ते सुधारते. धूम्रपान सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हे यासंबंधीचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

स्वयंपाकघराचा मासिक हिशेब

कोणता पदार्थ चांगला व कोणता वाईट, या चर्चेत दिवस जातात आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा किराणा मालाच्या यादीवरून केलेला साधा हिशेब अधिक बोलका ठरतो.

प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार प्रौढांच्या कुटुंबाला महिन्यास ही मर्यादा ६०० ग्रॅम होते. एक किलोचा पुडा २५ दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज १० ग्रॅम मीठ वापरले जात आहे. बाजारातून आलेले पापड, लोणची, फरसाण, मसाला खाखरे यांतील मीठ यात धरलेलेच नाही. सैंधवाचे नाव पवित्र असले, तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. त्याच्या नावाने सवलत मिळत नाही. मीठ वाढले की रक्तदाब वाढतो, आणि अस्तरावरील लेपालाही ते अपायकारक ठरते.

साखरेचेही असेच. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असा आदर्श मानला जातो. चौघांसाठी महिन्याला हे ३ किलो होतात. त्यात गूळ, मिठाई, सरबते, बिस्किटे सर्व आले.

तेलाचा डबा ५ लिटरचा असेल आणि चौघांत महिन्याभरात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर तेल पोटात जाते. त्यातून ३४० च्या आसपास कॅलरी मिळतात. तासभर झपझप चालूनही बहुतेकांची तेवढी ऊर्जा खर्च होत नाही. तूप यात धरलेले नाही. घरचे तूप विष नाही. पण त्यातील मोठा भाग संपृक्त मेदाचा असतो, आणि तो एलडीएल वाढवतो. म्हणून तूप चमच्याने मोजावे, पळीने वाढू नये.

वनस्पती तुपातील ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो, हितकारक एचडीएल घटवतो आणि अस्तराला थेट बाधा आणतो. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा लागू आहे. तळणीचे तेल वारंवार वापरण्यासंबंधीही जुलै २०१८ पासून नियम आहे. परंतु हे नियम घरच्या कढईवर देखरेख ठेवू शकत नाहीत. सकाळी पुऱ्या तळलेले तेल गाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा तळणीला घेण्याची काटकसर औषधांच्या खर्चात महाग पडते.

१९९७ साली अमेरिकेतील मेरीलँड येथे रॉबर्ट व्होगेल व सहकाऱ्यांनी दहा निरोगी व्यक्तींना एकदा ५० ग्रॅम मेद असलेली न्याहारी दिली आणि अन्य दिवशी तितक्याच कॅलरींची, पण मेद नसलेली. मेदयुक्त न्याहारीनंतर पुढील चार तासांपर्यंत दंडातील रोहिणीचे रुंदावणे जवळजवळ निम्म्यावर आलेले होते. दुसऱ्या न्याहारीनंतर फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे. तथापि एकेका जेवणाचा परिणाम अस्तरावर होतो, हे त्यातून दिसते. लग्नसराईच्या दोन महिन्यांत अशी किती जेवणे होतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

रसपरित्यागाचा अर्थ

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांपैकी अनशन सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर येणारे अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, आणि रसपरित्याग या दोघांचा गौरव त्या मानाने कमी होतो. अनशनाची मिरवणूक निघते. चार घास कमी खाणाऱ्याची निघत नाही.

दिगंबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ व मीठ हे सहा रस मानले जातात आणि वारानुसार एकेक रस सोडण्याची रीत अनेक घरांत आहे. श्वेतांबर परंपरेत विगईचा विचार आहे. त्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ यांच्या जोडीला तळलेला पदार्थ ही सहावी विगई गणली आहे. आयंबिलात या सर्वांचा त्याग असतो. आधुनिक हृदयवैद्य ज्या चार गोष्टींवर बोट ठेवतात, त्या मीठ, साखर, तूप-तेल व तळण या याद्यांत आधीपासूनच आहेत. ज्यांनी या याद्या केल्या, त्यांचा हेतू जिव्हेच्या आसक्तीपासून मुक्ती हा होता. हृदयाचे रक्षण हा नव्हता. तप आरोग्यासाठी करायचे नसते. पण आसक्ती कमी झाली, की शरीरालाही विसावा मिळतो, एवढे खरे.

अडचण व्रतात नसून पळवाटांत आहे. मीठ सोडलेल्या दिवशी साखर दुप्पट होते. तेल सोडले की तुपात तळण होते. पारण्याच्या आणि स्वामीवात्सल्याच्या पंगतीत तीन मिठाया व दोन फरसाण नसतील, तर यजमानाला संकोच वाटतो. रसाचा त्याग केल्यावर त्याच्या जागी दुसरा रस बसवणे हा त्याग नव्हे, केवळ बदली आहे. आठवड्यातून एक दिवस सोडलेला रस उरलेले सहा दिवस अर्ध्यावर आला, तर वर्षाच्या अखेरीस त्याचे मोल कितीतरी अधिक ठरेल.

रात्रिभोजनत्याग आणि भाजीपाला

रात्रिभोजनत्याग हे या बाबतीत मोठे वरदान आहे. २०१८ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनपूर्वीच दिवसाचे शेवटचे जेवण देण्यात आले. वजन न घटताही त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची शक्ती सुधारली आणि रक्तदाब उतरला. पाहणी छोटी असली, तरी दिवसा खाणे व रात्री पोटाला विसावा देणे हा क्रम शरीराच्या घड्याळाशी जुळतो, असे मानण्यास आधार मिळतो. मात्र दुकान बंद करून धावत येऊन सूर्यास्तापूर्वीच्या दहा मिनिटांत भरभर व भरपेट जेवणे, किंवा 'वेळ होणार नाही' म्हणून संध्याकाळी चिवडा-शेवेवर भागवणे, हे घडत असेल तर त्या लाभाचा मोठा अंश गमावला जातो. सायंकाळचा डबा दुकानात नेणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे.

हिरव्या पालेभाज्यांत नायट्रेट विपुल असते. जिभेवरील जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवते. अस्तराचे उत्पादन कमी पडत असता हा दुसरा पुरवठा उपयोगी पडतो. याच कारणासाठी बीटाची शिफारस जगभर केली जाते. ते कंदमूळ असल्याने वर्ज्य असले, तरी पालक, राजगिरा, चाकवत यांनी ती उणीव भरून निघते. चातुर्मासात सूक्ष्म जीवांच्या रक्षणार्थ अनेक कुटुंबे पालेभाज्या सोडतात. त्यांनी उरलेल्या आठ महिन्यांत त्या नित्य खाव्यात आणि चातुर्मासात दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, भेंडी, गवार व डाळी यांवर भर द्यावा. प्रत्यक्षात त्या काळात भाजीची जागा शेवभाजी, पापडाची भाजी आणि गट्टे घेतात. म्हणजे जीवदयेच्या महिन्यांत मीठ व तेल वाढते. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पालेभाज्यांचे प्रमाण वैद्यांना विचारूनच ठरवावे.

शाकाहारी व्यक्तीने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतीज अन्नातून मिळत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची जी तपासणी केली, तीत सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ते कमी आढळले होते. त्याची उणीव झाली की रक्तातील होमोसिस्टीन वाढते, आणि ते अस्तराला त्रासदायक ठरते. गोळ्या घेतल्याने हृदयविकाराचे झटके टळतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही; पण मज्जातंतू व रक्त यांच्यासाठी ही उणीव भरून काढणे आवश्यकच आहे. दूध-दह्याचाही त्याग करणाऱ्यांनी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

गादीवरून उठणे

पेढीच्या गादीवर किंवा संगणकापुढे सलग बसणे हे व्यापारी व नोकरदार दोघांचेही दुखणे आहे. पायांतील रक्तप्रवाह मंदावला, की अस्तराला प्रवाहाचे जे घर्षण हवे असते ते मिळत नाही; हे घर्षणच त्याला नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची चालना देते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तीन तास सलग बसलेल्या पुरुषांच्या मांडीतील रोहिणीचे कार्य पहिल्या तासातच ढासळले. जे दर तासाला पाच मिनिटे सावकाश चालले, त्यांचे ढासळले नाही.

रोज अर्धा तास चालावे, हा सल्ला सर्वांना पाठ असतो. सकाळी अर्धा तास चालून उरलेले दहा तास गादीवर काढणाऱ्याने दर तासाला पाच मिनिटांची भर घालावी. गिऱ्हाइकाला माल दाखवण्यासाठी नोकराला हाक मारण्याऐवजी स्वतः उठणे, देवदर्शनाला वाहनाऐवजी पायी जाणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

क्रोध कषाय

चार कषायांपैकी क्रोधाचे मोजमाप अलीकडे प्रयोगशाळेत झाले. २०२४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २८० निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग केला. त्यांतील एका गटाला, ज्या प्रसंगाने पूर्वी राग आला होता तो प्रसंग केवळ आठ मिनिटे आठवायला सांगितले. त्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांपर्यंत त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैलावण्याची शक्ती घटलेली राहिली. चिंता किंवा दुःख आठवणाऱ्यांत असा स्पष्ट परिणाम दिसला नाही. ज्याच्यावर राग धरला तो मनुष्य समोर नसतानाही, आठवणीतल्या रागाची किंमत स्वतःच्याच शरीराला मोजावी लागली. क्षमापना वर्षातून एकदा छापील पत्रिकेवर किंवा मोबाइलवरील संदेशाने उरकण्याची गोष्ट नाही, याला हा एक आधार आहे. भाऊबंदकीचा जुना दावा मनात दररोज घोळवणाऱ्याचे अस्तर दररोज आवळते.

उपवास आणि औषधे

सर्वांत गंभीर मुद्दा हा आहे. पर्वकाळात, अठ्ठाईत किंवा दशलक्षणात उपवास करताना रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. स्टेंट बसवल्यानंतर दिलेल्या, बिंबिका चिकटू न देणाऱ्या गोळ्या अचानक थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राण संकटात येऊ शकतो. काही रक्तदाबाच्या गोळ्या अचानक सुटल्या तर दाब उसळतो. उलट, मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीच्या मात्रेत घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि पाण्याचा त्याग एकत्र आले, तर घेरी येते व मूत्रपिंडांवर ताण पडतो.

म्हणून पर्वाच्या किमान पंधरा दिवस आधी वैद्यांची भेट घ्यावी आणि व्रताचे स्वरूप त्यांना स्पष्टपणे सांगावे. पुष्कळ औषधांच्या वेळा दिवसा आणता येतात, मात्रा बदलता येतात. जेथे उपवास निषिद्धच ठरेल, तेथे एकाशन, रसपरित्याग, स्वाध्याय व सामायिक यांची वाट मोकळी आहे. सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' अशी स्वतंत्र भावना सांगितली आहे. आपल्या शक्तीप्रमाणे तप करणे हेच शास्त्राला अभिप्रेत आहे. शेजारच्याने अठ्ठाई केली म्हणून हृदयरोग्याने अट्टहास धरणे अभिप्रेत नाही. घरातील सुना-मुलांनीही वडीलधाऱ्यांना हे आदराने, पण निःसंकोचपणे सांगावे.

काय मोजावे

चाळिशीनंतर, आणि घराण्यात लवकर हृदयविकार झालेला असेल तर तिशीपासूनच, वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व कमरेचा घेर मोजावा. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक, एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त आढळला, तर वैद्यांकडे जाण्यास विलंब करू नये. हिरड्यांतून रक्त येत असल्यास दंतवैद्यांकडून उपचार घ्यावेत. हिरड्यांचा जुनाट दाह अस्तरालाही बाधतो. मिश्री, गुटखा, विडी-सिगारेट यांबाबत 'थोडेसे' हा शब्दच नसावा.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, दरदरून घाम, अकारण धाप अशी लक्षणे दिसताच सोडा किंवा ओवा घेऊन पित्ताची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांत अनेकदा छातीतील वेदनेऐवजी थकवा, मळमळ व धाप हीच लक्षणे असतात, आणि घरातील सर्वांचे जेवण होईपर्यंत त्या ती बोलून दाखवत नाहीत. ती वेळच मोलाची असते.

दिवाळीला, वीर निर्वाण संवताच्या आरंभी, व्यापारी घरांत नव्या चोपड्यांचे पूजन होते. मीठ, साखर व तेल यांची महिन्याची खरेदी लिहिण्यासाठी त्यांतील एक पान राखून ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी. मुहूर्ताची वाट पाहायचीच असे नाही. या महिन्याच्या वाण्याच्या बिलापासूनही ते पान सुरू करता येईल.